ओळ आणि ओळख

(राजेश्वर, तालुका बसवकल्याण येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाषेच्या व्यासपीठावर सॉफ्टवेअरच्या चाचणीचा विषय घेऊन मी उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. विषय दिसायला फार लहान आहे. संगणकाच्या पडद्यावर एक तक्ता आहे, त्यात शंभर ओळी आहेत आणि त्यांतली नेमकी एक ओळ यंत्राला शोधायची आहे. ती कशी शोधावी, एवढेच मी सांगणार आहे. पण आज आपली शेतजमीन, शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव, शिष्यवृत्ती आणि परीक्षेचा निकाल हे सगळे कुठल्या ना कुठल्या तक्त्यातल्या ओळींतच असते. ती ओळ सापडली नाही, तर माणूस कार्यालयाच्या दारात उभा असूनही कागदोपत्री नसतो. दुसऱ्याचीच ओळ सापडली, तर त्याहून वाईट. म्हणून हा प्रश्न यंत्राचा असला तरी भाषेच्या माणसांनी समजून घ्यावा असा आहे.

आधी स्वयंचलित चाचणी म्हणजे काय ते पाहू. एखादी संगणक प्रणाली तयार झाली की ती नीट चालते का, हे तपासावे लागते. पूर्वी माणसे बसून हे काम करीत: नाव टाकायचे, बटण दाबायचे, उत्तर बरोबर आले का ते पाहायचे. प्रणालीत थोडा बदल झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. हे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपवावे, म्हणून साधने निघाली. त्यांतले फार प्रसिद्ध साधन म्हणजे ‘सेलेनियम’. शिकागोमध्ये थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ते २००४ मध्ये सुरू केले. पुढे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘प्लेराइट’ आणले. अशी आणखीही साधने आहेत. काम एकच: माणसाच्या जागी एक छोटा प्रोग्राम ब्राउझर उघडतो, अक्षरे टंकतो, बटणे दाबतो आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. जुळले तर हिरवी खूण, नाही तर लाल.

अडचण अशी, की माणसाला डोळे असतात आणि संदर्भ कळतो. ‘काळ्यांच्या ओळीतले बघा हे बटण दाब’ एवढे सांगितले की माणूस बोट ठेवतो. यंत्राला मात्र ते बटण नेमके कुठे आहे याचा पत्ता द्यावा लागतो. या पत्त्याला परीक्षक मंडळी ‘लोकेटर’ म्हणतात. आपण त्याला शोधखूण म्हणू. तक्त्यातल्या ओळीची शोधखूण तीन प्रकारे देता येते: जागेवरून, मजकुरावरून किंवा ओळखीवरून. या तिन्हींत फरक काय, तो पाहू.

पहिला प्रकार जागेचा. पडद्यावरचे पान संगणकाच्या आत एखाद्या वंशवृक्षासारखे रचलेले असते. पानात विभाग, विभागात तक्ता, तक्त्यात ओळी, ओळीत रकाने. त्यामुळे ‘दुसऱ्या विभागातला पहिला तक्ता, त्याची तिसरी ओळ, त्या ओळीतला पाचवा रकाना’ असा पत्ता देता येतो. असे पत्ते लिहिण्याची ‘एक्सपाथ’ नावाची एक पद्धत १९९९ मध्ये प्रमाणित झाली. आपल्याला ही रीत नवी नाही. दासबोधाचे वीस दशक आणि दोनशे समास आहेत, आणि दशक, समास, ओवी असा क्रमांक दिला की वाचक बरोबर त्या ठिकाणी पोहोचतो. दासबोधात हे चालते, कारण ग्रंथाची रचना ठरलेली आहे. उद्या त्यात कोणी नवा समास घालणार नाही. पण तुकोबांच्या गाथेचे पाहा. निरनिराळ्या गाथांत अभंगांचे क्रमांक निरनिराळे आहेत. एका प्रतीतला क्रमांक दुसऱ्या प्रतीत वेगळ्याच अभंगावर नेऊन सोडतो. म्हणून जाणता वारकरी नुसता क्रमांक सांगत नाही, अभंगाचे पहिले चरण सांगतो. पडद्यावरचा तक्ता हा दासबोधापेक्षा गाथेसारखा आहे. तो रोज बदलतो. नवी नोंद आली की खालच्या ओळी सरकतात. कोणी मध्येच एक रकाना वाढवला की पाचवा रकाना सहावा होतो.

आणि नवी नोंद आली नाही तरीही ओळी सरकू शकतात. चार आडनावे घेऊ: काळे, कासार, पाटील आणि क्षीरसागर. ही अकारविल्हे लावा असे सांगितले तर शाळेतला मुलगा वर्णमाला आठवेल. आपल्या वर्णमालेत ‘ह’ नंतर ‘ळ’ येतो आणि शेवटी ‘क्ष’ व ‘ज्ञ’. म्हणजे क्रम होईल कासार, काळे, पाटील, क्षीरसागर. संगणकाला मात्र कोणी मराठी क्रम शिकवला नसेल, तर तो युनिकोडच्या तक्त्यातल्या क्रमांकांवर जातो. तिथे ‘ळ’ हा ०९३३ या क्रमांकावर, ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि ‘स’ ०९३८ वर. शिवाय ‘क्ष’ हे संगणकाच्या लेखी स्वतंत्र अक्षर नाही. ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ अशी ती जोडणी आहे, म्हणून तो ‘क’च्या घरात बसतो. क्रम होतो काळे, कासार, क्षीरसागर, पाटील. चारांपैकी एकही ओळ आपल्या जागी राहिली नाही!

आता समजा, चाचणीत लिहिले आहे की पहिल्या ओळीतल्या खातेदाराचा पत्ता बदल आणि ‘बदल जतन झाला’ असा निरोप येतो का ते पाहा. कासारांच्या ऐवजी काळ्यांचा पत्ता बदलेल, निरोप तोच येईल आणि चाचणी हिरवी होईल. चाचणी लाल झाली तर निदान कोणी तरी उठून पाहते. चुकीच्या ओळीवर हिरवी झाली तर कोणीच पाहत नाही. जागेवरच्या शोधखुणेचा खरा धोका हाच आहे.

जाता जाता एक सांगतो. कन्नड वर्णमालेतही ‘ळ’ हा ‘ह’ नंतरच येतो आणि युनिकोडच्या कन्नड तक्त्यातही तो ‘ल’च्याच शेजारी बसवला आहे. म्हणजे या बाबतीत आपल्या दोन्ही भाषांची तक्रार एकच आहे. सीमेवरच्या माणसाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार मजकुराचा. जागा सोडा, ‘ज्या ओळीत अमुक शब्द आहे ती ओळ शोध’ असे सांगा. हे पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे. पण शब्दाचे वागणे आपल्याला ठाऊक आहे. ‘ज्या ओळीत राम आहे’ असे म्हणाल तर रामराव, सखाराम, आत्माराम, सीताराम आणि रामपूर असे सगळे हात वर करतील. आपल्याच गावाचे नाव घ्या. राजेश्वर हे गाव आहे, ते माणसाचे नाव आहे आणि देवाचेही आहे. एका ओळीत खातेदार काळे, राहणार राजेश्वर. दुसऱ्या ओळीत खातेदार राजेश्वर पाटील, राहणार बसवकल्याण. तिसऱ्या ओळीत खातेदाराच्या जागी एखादे देवस्थान. नुसता शब्द दिला तर यंत्राला तिन्ही ओळी सारख्याच.

इथे साधनांच्या स्वभावातला फरक कळतो. सेलेनियमला एक वस्तू शोधायला सांगितली आणि तीन सापडल्या, तर ते मुकाट्याने पहिली उचलते. प्लेराइट अशा वेळी कामच थांबवते आणि सांगते, की तुमच्या खुणेला तीन वस्तू जुळतात, नेमकी कोणती हवी ते सांगा. मला ही दुसरी रीत शहाणपणाची वाटते. ज्याला मुकाट्याने पहिली उचलणारे साधन वापरायचे आहे, त्याने निदान आधी मोजून घ्यावे, की जुळणाऱ्या ओळी किती? एकच असेल तरच पुढे जावे.

गावांच्या नावांतही हीच गोम आहे. आपल्या भागात हल्लीखेड (बी) आहे आणि हल्लीखेड (के) आहे. बी म्हणजे बुद्रुक आणि के म्हणजे खुर्द. फार्सीतल्या बुजुर्ग म्हणजे थोर आणि खुर्द म्हणजे लहान या शब्दांवरून ते आले. आपल्या वाडवडिलांना एका नावाची दोन गावे वेगळी कशी ओळखावीत हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो एका जादा शब्दाने सोडवला. पुढे तो शब्द झिजून एका इंग्रजी अक्षरापुरता उरला आणि कुठे कंसात, कुठे कंसाबाहेर, कुठे ‘बु.’ तर कुठे ‘बुद्रुक’ असा लिहिला जाऊ लागला. माणूस हे सांभाळून घेतो. यंत्र घेत नाही.

तिसरा प्रकार ओळखीचा. याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. कर्नाटकाने २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या. १७७ तालुके, सुमारे ६७ लाख शेतकरी आणि सुमारे दोन कोटी नोंदी, असा तो पसारा होता. आपण जिला पहाणी म्हणतो, तो उतारा त्यातून मिळू लागला. तो काढायला गेलात की प्रणाली आधी तुमचे नाव विचारत नाही. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा अशा पायऱ्यांनी ती तुम्हाला नोंदीपर्यंत नेते. नावे बदलतात, बाप जातो, मुलाचे लागते, जमीन विकली जाते. सर्व्हे नंबर आणि हिस्सा या जमिनीच्या ओळखी आहेत. त्यांचाही पुढे पोटहिस्सा होतो, पण तो नोंदवून होतो. तक्त्यात ओळ कितवी आहे याच्याशी या ओळखीचा काही संबंध नाही. अलीकडे देशभर प्रत्येक तुकड्याला चौदा अंकाक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची योजना निघाली, तिच्यामागेही हाच विचार आहे.

चाचणीतही हेच करायचे. प्रत्येक ओळीला न बदलणारी एखादी ओळख असावी: खाते क्रमांक, हजेरी क्रमांक, अर्ज क्रमांक. आधी त्या ओळखीवरून ओळ निश्चित करायची आणि मग त्या ओळीच्या आतच पुढचे काम करायचे. आधी बटण शोधून ते कोणत्या ओळीचे आहे याचा अंदाज करायचा नाही. तक्त्यात ‘बघा’ या नावाची शंभर बटणे असतात. ओळ ठरली की त्यांतले एकच उरते.

रकान्याचेही तसेच. ‘पाचवा रकाना’ म्हणू नये; ‘ज्याच्या डोक्यावर गाव असे लिहिले आहे तो रकाना’ म्हणावे. मग राजेश्वर हे गाव आणि राजेश्वर हा खातेदार यांची गल्लत होत नाही. एकच ओळख पुरत नसेल तर दोन जोडाव्यात: गावाच्या रकान्यात राजेश्वर आणि सर्व्हे नंबरच्या रकान्यात अमुक. यादी मोठी असेल आणि पहिल्या पानावर वीसच नोंदी दिसत असतील, तर आपली नोंद तिसऱ्या पानावरही असू शकते. काही याद्यांत तर पडद्यावर दिसतात तेवढ्याच ओळी पानाच्या वृक्षात असतात. खाली सरकल्यावर बाकीच्या तयार होतात. अशा वेळी ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा होत नाही. आधी यादीच्या शोधचौकटीत ओळख टाकून ती गाळून घ्यावी आणि मग पाहावे.

याचा एक फायदा चाचणीबाहेरचा आहे. तक्त्याला खरे मथळे आणि ओळींना खरी ओळख दिली, की अंध व्यक्तीला पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही तो तक्ता कळतो. नुसते ‘बारा, चार, सात’ असे आकडे वाचण्याऐवजी ती कोणाच्या ओळीतला कोणता रकाना ते सांगू शकते. यंत्राला नेमके सांगता येईल असा तक्ता माणसालाही नेमका कळतो.

इथपर्यंत मी जे सांगितले ते जगातल्या कोणत्याही भाषेला लागू आहे. आता आपल्या भाषेकडे येतो.

ओळख म्हणून जो मजकूर आपण देतो, तो आपल्या डोळ्यांना एकच दिसला तरी संगणकाला एकच असेल असे नाही. ‘ॲड.’ ही दोन अक्षरी उपाधी पाहा. वकिलांच्या नावामागे ती असतेच. काही लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतात. काही लोक ‘ॲ’ हे सबंध अक्षर टंकतात, जे युनिकोडमध्ये २००८ साली ०९७२ या क्रमांकावर आले. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. कोणी ‘ए’वर चंद्र देऊन ‘ऍड.’ लिहितो, तो तिसरा. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ‘र’ काही जण ०९३१ क्रमांकाच्या ‘ऱ’पासून करतात, तर काही जण साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन करतात. छापून आल्यावर तुम्हीआम्ही फरक ओळखू शकणार नाही. यंत्र मात्र एका कऱ्हाड्यांना शोधताना दुसऱ्या कऱ्हाड्यांच्या दारावरून पुढे जाईल.

युनिकोडने अशा जोड्या एकरूप करण्याचे काही नियम ठरवले आहेत, पण आत्ता सांगितलेल्या या जोड्या त्यांत बसत नाहीत. शब्दाच्या आजूबाजूची मोकळी जागा छाटण्याची सोय चाचणीच्या साधनांत असते, पण ते न दिसणारे जोडचिन्ह तिने जात नाही. आकड्यांचेही असेच: एकाने सर्व्हे नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत, तर माणसाला तो बाराच आहे, यंत्राला नाही.

आणि आपले गाव? कित्येक ठिकाणी ते ‘राजेश्र्वर’ असे छापलेले दिसेल. नीट पाहा, त्यात एक ‘र’ जास्तीचा आहे. मराठी छपाईत ‘श्व’मधला अर्धा ‘श’ हा ‘श्र’मधल्या ‘श’सारखा दिसतो, म्हणून टंकताना किंवा जुन्या फाँटमधून मजकूर बदलून घेताना लोक ‘श्र’च घालतात. ‘ज्ञानेश्वर’, ‘ईश्वर’, ‘विश्व’ या शब्दांनाही हे भोगावे लागते. वाचणारा अडखळत नाही, म्हणून चूक टिकून राहते. पण ‘राजेश्वर’ शोधणाऱ्या यंत्राला ‘राजेश्र्वर’ सापडत नाही. गाव आहे, नोंद आहे, आणि पडद्यावर उत्तर येते: नोंद आढळली नाही.

सीमाभागात यावर आणखी एक थर चढतो. १९५६ पूर्वी बीदर हा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जिल्ह्याचे भाग तीन राज्यांत गेले. माणसांची सोयरीक आणि शेती मात्र तशीच राहिली. एकाच घराण्यातल्या एका भावाचे नाव इकडच्या कन्नड पहाणीत, दुसऱ्याचे तिकडच्या मराठी सातबाऱ्यावर, आजोबांचे नाव निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावर आणि नातवाचे बँकेच्या इंग्रजी पासबुकात, अशी घरे तुम्हाला इथे सहज भेटतील.

लिपी बदलली की नावाचे काय होते ते पाहा. ‘आळंद’ इंग्रजीत गेला आणि तिथून मराठीत परत आला की ‘अलंद’ होतो. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावे इंग्रजीत एकच होतात आणि परत येताना कोण कोणत्या घरी जाईल सांगता येत नाही. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन स्वर आहेत. मराठीत तो भेद अक्षरांत नाही. म्हणून ‘देशमुख’ कन्नडमध्ये लिहिताना लिहिणाऱ्याला निवड करावी लागते. बीदर कोणी दीर्घ लिहितो, कोणी ऱ्हस्व. गुलबर्ग्याचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुरगी झाले. मराठीत त्याचीही ‘कलबुर्गी’ आणि ‘कलबुरगी’ अशी दोन रूपे चालतात. जुन्या नोंदींत गुलबर्गा तसाच आहे.

मग यावर उपाय काय? एक सोपा उपाय सुचतो तो असा, की सगळी नावे एका ठरीव रूपात बदलून टाकावीत, म्हणजे यंत्राची कटकट मिटली. मला हा उपाय मान्य नाही. कोणी आपले नाव ‘शिन्दे’ असे लिहीत असेल तर तो त्याचा हक्क आहे; यंत्राच्या सोयीसाठी त्याला ‘शिंदे’ करणे म्हणजे त्याच्या नावावर परस्पर फेरफार करणे आहे. आणि ‘काळे’ व ‘काले’ यांना एक करणे म्हणजे दोन माणसांचे एक करणे. मी यातून दोन नियम काढतो. नोंद ठेवताना काटेकोर राहावे: माणसाने जसे लिहिले तसेच जपावे. नोंद शोधताना सैल असावे: ‘ॲ’ कसाही टंकला असो, ‘ऱ’ कसाही केला असो, आकडे कोणत्याही लिपीतले असोत, उत्तर एकच यावे. आणि सैल शोधातून दोन ओळी समोर आल्या, तर यंत्राने स्वतः एक निवडू नये. दोन्ही दाखवाव्यात आणि खाते क्रमांकासारख्या पक्क्या ओळखीवरून निवड व्हावी.

आता हे कोणी करायचे? प्रोग्राम लिहिणारा मुलगा बंगळूरला, पुण्याला किंवा हैदराबादला बसलेला असतो. तो हुशार असतो. पण त्याच्या चाचणीतली नावे बहुधा ठरावीक आणि सोपी असतात. ‘रमेश’, ‘सुरेश’ अशा नावांवर प्रणाली हिरवी होते, कारण त्यांत अडखळायला काही नाही. कऱ्हाडे, क्षीरसागर, ज्ञानोबा, ॲड., आळंद, हल्लीखेड (बी), राजेश्वर ही नावे तिच्यापुढे कोणी ठेवलेलीच नसतात. ती ठेवणे हे भाषेच्या माणसांचे काम आहे, आणि त्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्णमालेचा क्रम पाठ करून घेणे सोडू नका. आता शब्दकोश कोण उघडतो, असे म्हणून तो मागे पडत चालला आहे. पण ‘ळ’ कुठे येतो आणि ‘क्ष’ कुठे येतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच यंत्राने लावलेला क्रम चुकला हे सांगू शकतो. टंकलेखन शिकवताना ‘ॲ’ आणि ‘ऱ’ सबंध अक्षरे म्हणून कशी टंकायची, तेही दाखवा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मानक मराठी वर्णमाला ठरवून दिली आणि पुढे २०२२ मध्ये तिच्यात सुधारणा केली. ती वर्गात भिंतीवर लावण्याजोगी आहे.

लेखकांनी आपल्या पुस्तकाचा मजकूर छापखान्यात देताना ‘श्व’चा ‘श्र्व’ झाला नाही ना, हे मुद्रितशोधनात पाहावे. कालांतराने ती पुस्तके संगणकावर जातात आणि तिथे शोधली जातात.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक प्रत्यक्ष काम सांगतो. आपल्या गावातली आणि तालुक्यातली अशी पन्नास नावे गोळा करा, जी लिहिताना, वाचताना किंवा लिपी बदलताना घोटाळा करतात. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा. पहिल्यात नाव किती प्रकारे लिहिले जाते ते. दुसऱ्यात त्यांतली कोणती रूपे शोधल्यावर एकच नोंद यायला हवी. तिसऱ्यात कोणत्या नावाशी त्याची गल्लत होता कामा नये. उदाहरणार्थ: ‘कऱ्हाडे’ कोणत्याही रीतीने टंकला तरी तीच नोंद यावी, ‘काळे’ शोधल्यावर ‘काले’ त्याच माणसाच्या नावाखाली येऊ नये, ‘राजेश्वर’ हे गावाच्या रकान्यात शोधल्यावर राजेश्वर नावाचा खातेदार येऊ नये. कन्नड शाळेतल्या मित्रांना सोबत घ्या, म्हणजे तिकडचे रूपही मिळेल. नावे सार्वजनिक वापरातली घ्या. कोणाचा खाते क्रमांक, फोन किंवा घरचा पत्ता त्यात घालू नका.

अशा यादीला परीक्षकांच्या भाषेत चाचणीची सामग्री म्हणतात. ती कोणीही वापरू शकतो. पन्नास नावांची यादी पाहिल्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला तक्त्यातली तिसरी ओळ शोधून भागणार नाही, हे आपोआप कळेल. भाषेच्या अकादमीने अशा याद्या तालुक्यावार जमवून खुल्या ठेवल्या, तर सीमाभागातल्या मराठी माणसाच्या कामी त्या एखाद्या ठरावापेक्षा अधिक येतील, असे मला वाटते.

ओळ आणि ओळख हे दोन शब्द आपल्या भाषेत इतके जवळ आहेत की मुद्दाम शिकवायला नको. ओळ सरकते, तक्ता बदलतो, राज्याची हद्दही बदलते. ओळख टिकवावी लागते आणि ती नीट लिहून ठेवावी लागते. यादी करायला आजच बसावे, एवढेच सांगून थांबतो.